दोन सारख्या खाचा

धक्क्यावर रेक्स पेनहॉलला सगळे सुईण म्हणत. सहा फूट उंची, खुंटासारखी मनगटं, भोंग्यासारखा आवाज आणि नाव सुईण. पंचवीस टनांची कंटेनरची पेटी तो क्रेनने जहाजाच्या पोटातून उचलून ट्रकवर इतकी अलगद ठेवी की ती खरंच आली का हे ट्रकवाल्याला आरशात बघावं लागे. आउटर हार्बरच्या धक्क्यावर असं नाव पडलं की माणूस पक्का झाला. मग आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

त्याचा जोडीदार मिलान बाबिच. त्याला सगळे पाहुणा म्हणत, कारण कामाच्या वेळात तो कायम दुसऱ्याच टोळीत गप्पा मारताना सापडे. दोघंही क्रेन चालवत. दोघांची पन्नाशी मागे पडली होती आणि गुडघे त्याच्याही आधी.

त्या वर्षी नाताळच्या सुमाराला, ऐन उन्हाळ्यात, कंपनीने सांगितलं की यापुढे क्रेनच्या केबिनमध्ये कोणी चढणार नाही. क्रेन चालणार ती गेटजवळच्या एका खोलीतून, पडद्यावर बघून. क्रेनवाले बारा होते, खोलीत खुर्च्या पाच. फेब्रुवारीत मेलबर्नहून परीक्षक येणार आणि एकेकाची परीक्षा घेणार. ज्यांना खुर्ची मिळणार नाही त्यांनी डेकवर जाऊन पेट्या बांधणाऱ्या सळया आवळायच्या, नाहीतर पैसे घेऊन घरी बसायचं.

घरी बसलेले धक्केवाले रेक्सने पाहिले होते. जवळच्या लार्ग्सच्या जेट्टीवर ते सकाळपासून गळ टाकून बसत आणि बसताना बंदराकडे पाठ करत. डेकवरचं काम त्याच्या गुडघ्यांना एक हिवाळाही झेपलं नसतं. त्याला खुर्ची हवी होती. दुसरा मार्गच नव्हता.

सरावाचा प्रोग्राम कंपनीने सगळ्यांना डिस्कवर दिला. तो चालवायला लागणारा संगणक मात्र ज्याचा त्याने बघायचा होता. प्रोग्रामला पाच पडदे लागत: समोरचा, खालचा, डावा, उजवा आणि पेटी धरणाऱ्या पकडीच्या कोपऱ्यांचा. त्यासाठी दोन ग्राफिक कार्डं हवीत असं डिस्कच्या पाकिटावर छापलेलं होतं. एक कार्ड समोरचं चित्र काढणार, दुसरं बाजूंची.

मिलानच्या मेव्हण्याला खेळांचा नाद होता. त्याच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला, तेव्हा वैतागून त्याने बाकीचं सगळं एका खोक्यात भरून मिलानला देऊन टाकलं. त्यात प्रोसेसर होता, मेमरी होती आणि दोन जुळी ग्राफिक कार्डं होती.

"बोर्ड तेवढा तू आण," मिलान म्हणाला. "मशीन तुझ्या शेडमध्ये ठेवू. पाळी सुटली की आधी मी बसतो, मग तू."

"बोर्ड मीच का?"

"मी आणला तर रंग बघून आणेन. तू मोजून आणशील."

घरी फ्रिज गचके देत होता. ग्लेनिस, रेक्सची बायको, नव्या फ्रिजसाठी पैसे बाजूला टाकत होती. शाळेच्या उपाहारगृहात ती खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्या गरम करायचं काम करायची, त्यामुळे गरम-गार कशाला म्हणतात हे तिला नीट कळत होतं.

"घे त्यातून," ती म्हणाली. "पण अर्धाच फ्रिज. अख्खा नाही."

रेक्स दुकानात गेला तो खिशात पोलादी पट्टी घेऊनच. विक्रेत्याने चार बोर्ड काढून ठेवले. त्यांतले दोन अर्ध्या फ्रिजच्या पलीकडचे होते. ते रेक्सने हात न लावता बाजूला सारले. उरलेल्यांपैकी एकाला कार्ड बसवायची लांब खाच एकच होती. दुसऱ्याला दोन होत्या, एकाखाली एक. रेक्सने दोन्ही खाचा पट्टीने मोजल्या. केसाचाही फरक नव्हता. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की दोन ग्राफिक कार्डं चालतात. त्याने ते पुन्हा वाचलं. मग प्रोसेसर बसतो का, मेमरी बसते का, संगणकाच्या पेटीतली भोकं जुळतात का, हेही एकेक करून बघितलं.

रेक्सच्या धंद्यात पाटी खोटं बोलत नाही. साखळीच्या कडीवर जे वजन ठोकलेलं असतं, ते साखळीने आधी उचलून दाखवलेलं असतं. पाटी न वाचता भार उचलणारा माणूस धक्क्यावर टिकत नाही आणि पाटी वाचून उचलणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. रेक्सने पाटी वाचली होती, वर मापही घेतलं होतं. त्याने बोर्ड घेतला.

जोडणी त्याने शेडमध्ये स्वच्छ चादर अंथरून केली. एकही स्क्रू उरला नाही. कुठली वायर लोंबकळत राहिली नाही. जुने पाच पडदे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केले होते, तेही लागले. समोर जहाज दिसलं, खाली ट्रक दिसला, बाजूंना पाणी आणि पेट्या. मिलानने शीळ घातली.

"सुईणबाई, दवाखाना झकास झालाय."

सराव सुरू झाला. पहिले काही दिवस दोघांच्याही पेट्या आपटत होत्या. प्रोग्राम लाल अक्षरांत ओरडायचा. हळूहळू हात बसला. बाजूच्या पडद्यावर पेटी आणि ट्रक यांच्यात हातभर फट दिसत असतानाच क्रेन चालवायचा दांडा मागे ओढायचा, की पेटी अलगद टेकते, हे दोघांना आपापलं सापडलं. पडद्यावर लवकर थांबवल्यासारखं वाटे, पण टेके बरोबर. रेक्सला वाटलं, खोलीतून क्रेन चालवायची तर तंत्र वेगळं असणारच. महिनाभरात लाल अक्षरं दिसेनाशी झाली.

मग एका शांत सकाळी, खऱ्या क्रेनवर, खऱ्या केबिनमध्ये बसून रेक्सने एक पेटी आपटली.

वारा नव्हता, घाई नव्हती. पेटी ट्रकवर उतरत होती आणि हातभर फट राहिली असताना त्याचा हात आपोआप मागे गेला. पेटी हवेत अडली, तिने झोका घेतला आणि कोपरा ट्रकच्या लोखंडावर असा वाजला की शेजारच्या धक्क्यावरचे सीगल उडाले. वायरलेसवर ट्रकवाल्याचा आवाज आला.

"सुईणबाई, बाळ पडलं की हो!"

खालची टोळी हसली. रेक्सनेही हसल्यासारखं केलं. त्या पाळीत त्याची आणखी एक पेटी आपटली. तेव्हा कोणी हसलं नाही.

चहाच्या सुट्टीत मिलान त्याच्या शेजारी येऊन बसला. रेक्सची पेस्टी कागदात तशीच गार होत होती.

"एवढं काय तोंड पाडतोस? माझ्याही आपटल्यात या आठवड्यात."

"तुझ्याही?"

"वारा असेल."

"वारा कुठे होता रे?"

"मग वय असेल. चालायचंच, गड्या." मिलानने त्याची पेस्टी उचलली. "खाणार नसशील तर टाकू नकोस."

रेक्सने ती खाऊ दिली. एकाचा हात बिघडला तर वय म्हणता येतं. दोघांचा एकदम आणि एकाच रीतीने बिघडला, तर दोघांमध्ये सामाईक काय आहे ते बघावं लागतं. सामाईक एकच गोष्ट होती आणि ती त्याच्या शेडमध्ये होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने ग्लेनिसला शेडमध्ये बोलावलं. तिचे हात पिठाचे होते.

"इथे बस. या डाव्या पडद्याकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस. पेटी ट्रकला टेकली की 'हं' म्हण."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने स्वतः फक्त समोरच्या पडद्याकडे बघितलं. पेटी खाली सोडली. टेकली तसं तो म्हणाला, "हं."

"हं," ग्लेनिस म्हणाली.

"उशिरा म्हणालीस."

"टेकली तेव्हाच म्हणाले."

"परत."

पुन्हा त्याचं हं आधी आलं आणि तिचं मागून, जेट्टीखाली हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो तसं. मग त्याने जागा बदलून बघितलं. ती समोरच्या पडद्यापुढे बसली, तो डाव्यापुढे. आता तिचं हं आधी आणि त्याचं मागून.

"माझं काही चुकतंय का?" ती म्हणाली.

"तुझं नाही."

"मग असा पांढरा का पडलास?"

बाजूची चित्रं मागे पडत होती. चित्रात हातभर फट दिसायची तेव्हा पेटी टेकण्याच्या बेतात असायची. महिनाभर त्याचा हात त्या उशिराचा हिशेब धरून पुढे पळायला शिकला होता. मिलानचाही. रेक्सची परीक्षा बुधवारी होती. मिलानची तर सोमवारीच.

पण एक शंका उरत होती. कंपनीच्या खोलीतले पडदेही असेच मागे पडत असतील तर? मग शिकलेलं चूक नव्हतं, उलट तेच हवं होतं आणि मोडायला गेलं तर घात होता. त्या खोलीत रेक्स एकदाच बसला होता. तेव्हा नव्या दांड्याकडे बघण्यातच वेळ गेला होता.

शनिवारी तो पाळीच्या आधी गेला आणि खोलीच्या दारात उभा राहिला. आत कंपनीचा शिकवणारा माणूस एकटाच क्रेन चालवून बघत होता. खिडकीतून ती क्रेन समोरच दिसत होती.

"आत येऊन बस की," तो म्हणाला.

"नको. इथूनच बघतो."

एक पेटी उतरली. खिडकीत ती टेकली, त्याच क्षणी डाव्या पडद्यावर टेकली, त्याच क्षणी उजव्या. दुसरी उतरली. तिसरी. रेक्स पापणी न हलवता बघत राहिला. सगळी चित्रं एकत्र येत होती. मागे पडत होती ती त्याच्या घरचीच.

त्याने बाहेर येऊन मिलानला फोन लावला.

"पाहुण्या, सराव थांबव."

"परवा परीक्षा आहे आणि थांबव काय म्हणतोस?"

"मशीन उशिरा दाखवतंय. तुझा-माझा हात त्याने बिघडवलाय."

पलीकडे मिलानने रेडिओचा आवाज कमी केला.

"मशीन चांगलं चाललंय रे," तो म्हणाला. "माझी एकही पेटी लाल होत नाही."

"म्हणूनच."

रविवारी वुडव्हिल उपनगरातल्या हॉलमध्ये संगणकांचा बाजार भरायचा. उत्तरेचा वारा सकाळपासूनच भट्टीतून आल्यासारखा येत होता. रेक्सने पूर्ण मशीन गाडीत घातलं, भोवती उशा लावल्या आणि दार उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. आत टेबलांच्या रांगा, वायरींचे गुंडाळे, केळ्याच्या खोक्यांत भरलेले सुटे भाग. त्याने विचारत विचारत जुन्या बोर्डांचं टेबल गाठलं. तिथे साठीची एक बाई बसली होती. नाव तुयेत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात पुठ्ठ्याचा पंखा. बाजारातले बाकीचे दुकानदारही अडलं की तिच्याकडे येत होते.

रेक्सने झालेलं सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"बोर्ड काढा बाहेर," ती म्हणाली.

त्याने काढला आणि तिच्यापुढे धरला. पट्टीही काढली. "दोन्ही खाचा सारख्या आहेत. मी मोजल्यात."

"तोंडाकडून मोजल्यात."

तिने बोर्ड उलटा केला आणि दिव्याखाली धरला. चष्मा डोळ्यावर चढवला. "ही पहिल्या खाचेची पाठ. डाखाचे ठिपके बघा कुठून कुठपर्यंत आहेत."

ठिपक्यांच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या होत्या.

"आता ही दुसऱ्या खाचेची."

रेक्सने बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. पाव लांबीवर ठिपके संपले. पुढे बोटाला काहीच लागेना. हिरवा बोर्ड गुळगुळीत होता.

"पुढे?"

"पुढे नुसतं प्लास्टिक."

"मग खाच एवढी लांब कशाला केली?"

"कार्ड बसावं म्हणून. बसलं ना?"

"बसलं."

"मग खोक्यावरचं खरंच आहे. दोन कार्डं चालतात. कशी चालतात ते खोक्यावर नसतं." ती पंखा हलवू लागली. "आणि जो पाव वाटा आहे तोही थेट प्रोसेसरकडे जात नाही. मधल्या चिपकडून वळसा घालून जातो. तिथे डिस्कचीही गर्दी, बाकीच्यांचीही गर्दी. साध्या कामाला कोणाला कळत नाही. तुमच्या कामाला कळणार."

रेक्स बोर्डाच्या पाठीकडे बघत राहिला. क्रेनचा आकडा तपासताना तो पाठीमागून हात फिरवल्याशिवाय कधी होकार देत नसे. भेग पडते ती मागेच. इथे त्याने पाटी वाचली आणि तोंड मोजलं.

"दोन्ही खाचा खऱ्या असलेला बोर्ड द्या," तो म्हणाला. "माझ्या प्रोसेसरला बसणारा. आजच."

तिने टेबलाखालून एकेक काढायला सुरुवात केली. पहिला नवा कोरा होता, लाल-काळा, चमकदार. एक वर्षाची हमी. रेक्सने तो स्वतःच उलटा केला. दुसऱ्या खाचेचे ठिपके पावावर संपत होते. त्याने तो परत दिला. दुसरा उत्तम होता, पाठ भरलेली, पण प्रोसेसर दुसऱ्या जातीचा मागत होता. तिसरा तिने जपून काढला. जुना, तपकिरी, एका कोपऱ्यात धूळ चिकटलेली. रेक्सने पाठ बघितली. पहिली खाच पूर्ण भरलेली. दुसरी निम्मी.

"ही अर्धीच आहे."

"दुसरं कार्ड घातलं की पहिली आपला अर्धा वाटा सोडते. मग दोघांनाही अर्धा-अर्धा. दोघंही थेट प्रोसेसरकडे."

"म्हणजे पहिल्याचंही कमी होणार?"

"अर्ध्यात त्याचं भागतं. तुमच्या कामात तर नक्की भागेल."

जड भार दोन क्रेनने मिळून उचलायची वेळ धक्क्यावर अधूनमधून येई. तेव्हा कुठली क्रेन जास्त ताकदीची हे कोणी विचारत नसे. दोन्ही एकदम हलल्या पाहिजेत, एवढंच बघायचं असे. एक जरा मागे राहिली की भार तिरका झाला.

"हाच द्या."

"थांबा. आधी याचं दुखणं ऐका." तिने प्रोसेसरच्या जागेवरचं झाकण उचललं. आत केसासारख्या पिनांचं दाट शेत होतं. "या कोपऱ्यातली एक पिन वाकली होती. मी सुईने सरळ केली. चालवून बघितलाय, चालतो. पण ती पिन आता थकलेली आहे. प्रोसेसर जरा सरकवत ठेवलात तर मोडेल. मोडली तर बोर्ड गेला. मग माझ्याकडे परत आणायचा नाही."

"तुम्हीच बसवून द्या ना."

तिने हात पुढे धरला. बोटं थरथरत होती, फार नाही, पण थांबतही नव्हती. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बसवला असता. तुम्ही बसवा. मी बघते."

रेक्सने आपली बोटं बघितली. दोरखंडांनी जाड झालेली, एका नखाचा कायमचा काळा डाग. त्याने ती आधी पँटला पुसली, मग टेबलावरच्या कपड्याला. शेजारचा दुकानदार बघायला उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं आले.

"पंखा बंद करा," रेक्स म्हणाला. तुयेतने पुठ्ठा खाली ठेवला.

त्याने प्रोसेसर दोन कडांना धरला, सपाट, पाण्याने भरलेली बशी धरावी तसा. खुणा जुळवल्या. पिनांच्या वर आणून थांबवला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तो त्याने उतरू दिला. हात खाली जाऊ लागला. आणि हातभर नाही, पण नखभर अंतर राहिलं असताना त्याची बोटं अडली. महिन्याभराची सवय. बोटं थांबायला बघत होती आणि थांबली असती तर प्रोसेसर डगमगला असता. त्याने दात आवळले आणि बोटं चालू ठेवली. टेकलं. आवाज झाला नाही. त्याने दोन्ही बोटं एकदम सोडली.

झाकण लावताना करकर झाली, तेव्हा मागच्या एकाने डोळे मिटले.

"करकरायचंच असतं ते," तुयेत म्हणाली. "लावा वीज."

दोन्ही कार्डांचे पंखे फिरले. तिने आपला छोटा पडदा जोडला, काही बटणं दाबली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पहिलं कार्ड सोळातले आठ वाटे, दुसरं कार्ड आठ.

"सारखे," ती म्हणाली.

तिने सांगितलेली किंमत रेक्सने दिली. घासाघीस केली नाही. अर्ध्या फ्रिजमधलं जे उरलं होतं तेही गेलं. वर ग्लेनिसच्या वाट्यातलं थोडं गेलं, ते तिला कसं सांगायचं हे त्याने गाडीत ठरवलं.

मिलान दुपारी आला. शेडचा पत्रा तापून वाजत होता. ग्लेनिसने बर्फाच्या डब्यातून आइस्ड कॉफीच्या दोन बाटल्या काढून दिल्या. फ्रिजवर तिचा आता विश्वास नव्हता.

"आधी तू बस," मिलान म्हणाला.

"तुझी उद्या आहे. बस."

मिलान बसला. पहिली पेटी हातभर वर अडली, झोका खाऊन आपटली. पडद्यावर लाल अक्षरं आली. दुसरीही तशीच. तिसरीला त्याने हात रोखून धरला, तर पेटी उशिरा थांबली आणि ट्रकवर आदळली. तो क्रोएशियन भाषेत काहीतरी बोलला. त्यात त्याच्या मेव्हण्याचं नाव होतं.

"हाताकडे लक्ष देऊ नको," रेक्स म्हणाला. "पेटीकडे बघ."

"महिनाभर पेटीकडेच बघत होतो ना!"

ऊन कललं तरी मिलान खुर्चीवरच होता. रेक्स त्याच्या मागे उभा राहिला. स्वतः एकदाही बसला नाही. बोर्ड त्याने निवडला होता. ग्लेनिसने दोनदा डोकावून बघितलं आणि परत गेली. शेवटी शेवटी मिलानच्या तीन पेट्या सलग अलगद टेकल्या. मग चौथी आपटली.

"अर्ध्या दिवसात हात बदलतो का रे, सुईणबाई?"

रेक्सला खोटं बोलता आलं असतं. "थोडा बदलतो," तो म्हणाला.

सोमवारी मिलान खोलीतून बाहेर आला तेव्हा रेक्स गेटवर थांबला होता.

"कसं झालं?"

"सुरुवात बरी झाली. मग परीक्षक बाईने वेग वाढवायला सांगितला." मिलानने हात हवेत धरून मागे ओढून दाखवला. "घाईत डोकं मागे राहतं आणि हात पुढे जातो. तोच जुना हात गेला."

त्या दिवशी आणि मंगळवारी रेक्स पाळीआधी आणि पाळीनंतर बसला. मिलानचं ऐकून त्याने वेगाचाच सराव केला. हळू तर कोणीही उतरवेल. दांडा पुढे रेटायचा आणि शेवटच्या क्षणापर्यंत हात मागे घ्यायचा नाही. आपटली तर आपटली. लाल अक्षरं मोजणं त्याने बंद केलं.

बुधवारी खोलीत पंख्याचा आवाज फार होता. परीक्षक बाई मागच्या खुर्चीवर बसल्या. खऱ्या जहाजावरच्या खऱ्या पेट्या होत्या. पहिल्या काही नीट गेल्या. मग बाई म्हणाल्या, "आता वेगात, मिस्टर पेनहॉल."

पेटी जहाजावरून निघाली. बंदरावर वारा उठला होता आणि पेटी हलकेच झुलत होती. ट्रक खाली आला. फट दिसली. हातभर. रेक्सच्या दंडातला स्नायू खेचला गेला. त्याने तो खेचू दिला, पण दांडा हलू दिला नाही. फट वीतभर झाली. चार बोटं. डावा, उजवा, खालचा, सगळे पडदे एकच सांगत होते. त्याने हात मागे घेतला.

ट्रकवाल्याने आरशात बघितलं. पडद्यावर त्याची मान वळलेली रेक्सला दिसली.

आणखी पेट्या झाल्या. एक कोपऱ्याला घासली. बाईंनी तीही बघितली. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी कळेल."

शुक्रवारी टोळीच्या मुकादमाने चहाच्या वेळी पाच नावं तोंडी सांगितली. रेक्सचं चौथं होतं. मिलानचं नव्हतं.

रेक्स त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बोर्ड मी आणला," एवढं तो म्हणाला.

"मग? मी आणला असता तर तो लाल-काळा आणला असता." मिलानने टोपी डोक्यावर घट्ट केली. "मागची बाजू मी बाईचीसुद्धा कधी नीट बघितली नाही, बोर्डाची काय बघणार! जा, मुकादम बोलावतोय तुला."

उन्हाळा सरून शरद लागला तेव्हा रेक्स खोलीत बसू लागला. खुर्ची चांगली होती, गुडघे दुखत नव्हते. खिडकी बंद असल्यामुळे पेटी टेकल्याचा आवाज मात्र येत नसे, म्हणून तो पाळीच्या सुरुवातीला उठून ती थोडी उघडून ठेवी.

एका सकाळी जहाजावरून पेटी उचलून तो ती दुसऱ्या रांगेवरून ट्रककडे नेत होता. उजव्या पडद्यावर डेकचा तुकडा दिसत होता. केशरी जाकीट घातलेला एक माणूस लांब सळई खांद्यावर घेऊन तिथून चालला होता. धोक्याची पिवळी रेघ ओलांडून त्याला पलीकडे जायचं होतं. चालणं डाव्या पायावर जोर देणारं होतं.

रेक्सने पेटी जागच्या जागी थांबवली.

"पेनहॉल, का थांबलास?" मुकादमाने मागून विचारलं. "ट्रक उभा आहे खाली."

"माणूस चाललाय."

"तो रेघेच्या बाहेर आहे. सोड."

वायरलेस खरखरला. "सुईणबाई, बघतोयस ना? मी आहे खाली. तुझ्या नव्या पडद्यावर मी आत्ता दिसतोय का थोड्या वेळाने दिसणार?"

"आत्ताच दिसतोयस," रेक्स म्हणाला.

मिलानने सळई दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मुद्दाम आणखी सावकाश चालू लागला. मुकादमाने घड्याळाकडे बघितलं. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. रेक्सने दांड्यावरचा हात हलवला नाही. पिवळी रेघ ओलांडून मिलान शिडीपाशी पोचला, सळई खाली टेकवली आणि गुडघा धरून उभा राहिला. तेव्हाच पेटी खाली निघाली.